धुराचा ताप : मालट्रक, चालक आणि न बसवलेला काटा

आमच्या घरी पुढच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर एक पिस्टन ठेवलेला आहे. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण तो उचलून पाहतो आणि 'हे काय?' असे विचारतो. टाटाच्या ६९७ इंजिनाचा तो पिस्टन आहे. या आकड्यातला ६ म्हणजे सिलिंडरांची संख्या आणि पुढचे ९७ म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. पिस्टनच्या माथ्यावर एक खळगा असतो. आमच्या पिस्टनच्या त्या खळग्याची एक कड मेणबत्तीसारखी वितळून ओघळली आहे आणि पहिल्या रिंगेची खाच तेथे बुजून गेली आहे. माथ्याखालचा भाग, ज्याला गॅरेजमध्ये स्कर्ट म्हणतात, तो मात्र गुळगुळीत आहे. त्यावर घासल्याचा एकही मोठा ओरखडा नाही.

वितळलेला माथा आणि स्वच्छ स्कर्ट या दोन गोष्टी एकाच पिस्टनवर कशा, हे समजायला मला तीस वर्षे लागली. त्या शोधात मी ट्रकच्या धुराच्या उष्णतेपर्यंत आणि ती मोजणाऱ्या एका काट्यापर्यंत पोचलो. आपल्याकडच्या ट्रकांवर तो काटा कधी आलाच नाही. हा लेख त्या काट्याविषयी आहे.

हकिगत १९८६ च्या मे महिन्यातली. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, भंडाऱ्यातल्या एका मालकाच्या गाडीवर चालक होते. तुमसरहून तांदूळ भरायचा, मुंबईकडे न्यायचा आणि परतताना मिळेल तो माल आणायचा, अशी त्यांची फेरी. त्या खेपेला भिवंडीहून लोखंडी पाइप भरून ते निघाले होते. कसारा घाट चढताना रात्री दीडच्या सुमारास गाडीची ओढ गेली, मागे काळ्या धुराचा लोट उठला आणि थोड्याच अंतरावर इंजिन बसले. इगतपुरीच्या एका गॅरेजात हेड उघडले तेव्हा सहापैकी एका सिलिंडरमधून हा पिस्टन निघाला. मालक आले आणि त्यांनी तेथेच निकाल दिला : पाणी न पाहता गाडी हाणली. दुरुस्तीचा खर्च मोठे बाबांच्या पगारातून चौदा महिने कापला गेला. चुलत बहिणीचे ठरत आलेले लग्न वर्षभर पुढे गेले. मोठे बाबा भांडले नाहीत. 'पाण्याचा काटा हिरव्यातच होता,' एवढेच ते म्हणत राहिले. मिस्त्रीकडून तो पिस्टन मागून घेऊन ते घरी आले.

मी तेव्हा दहावीत होतो. पुढे आयटीआय करून भंडाऱ्यातच ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर २८ वर्षे काढली. इतिहास मी महाविद्यालयात शिकलेलो नाही. भंगारात मिळणाऱ्या चालक-पुस्तिका, वर्कशॉपची मॅन्युअले, जुन्या किंमत-याद्या आणि महामार्गावरच्या ढाब्यांवर भेटणारे म्हातारे चालक हेच माझे ग्रंथालय. मालकाचा प्रश्न तसा रास्त होता : काटा हिरव्यात असताना पिस्टन वितळेल कसा? तो प्रश्न डोक्यात ठेवूनच मी हे सगळे गोळा करत गेलो.

पाटीवरचे काटे

त्या काळातल्या ट्रकची काट्यांची पाटी आठवून पाहा. वेगाचा काटा, जो बहुतेक गाड्यांत बंदच असे. डिझेलचा काटा. ऑइलच्या दाबाचा काटा. ब्रेकच्या हवेचा काटा. आणि पाण्याच्या तापमानाचा काटा, ज्यावर हिरवा आणि लाल असे पट्टे असत. इंजिनाच्या प्रकृतीविषयी चालकाला जे कळायचे ते ऑइल आणि पाणी या दोन काट्यांतूनच.

पाण्याचा काटा खोटे बोलत नाही, पण तो उशिरा बोलतो. रेडिएटरचे पाणी हे इंजिनातली उष्णता वाहून नेणारे हमाल आहे. थर्मोस्टॅट त्याला ८०-९० अंशांच्या आसपास राखतो. इंजिनात एकाएकी जास्त आग पेटली, तर ती धातूतून झिरपत पाण्यापर्यंत यायला वेळ लागतो. त्यातून सहापैकी एकाच सिलिंडरमध्ये बिघाड असेल, तर बाकीच्या पाच सिलिंडरांभोवतीच्या पाण्यात त्याची उष्णता मिसळून जाते आणि काटा जागचा हलतही नाही.

जळून बाहेर पडणाऱ्या वायूचे तसे नाही. तो थेट आगीतून येतो. गाडी उभी राहून घुरघुरत असताना त्याचे तापमान शंभर-दोनशे अंश सेल्सिअस असते. भरल्या गाडीने चढ घेताना तेच सहाशे-सातशेपर्यंत जाते. हा चढ-उतार काही सेकंदांत होतो. म्हणून मॅनिफोल्डमध्ये, टर्बो असल्यास त्याच्या आधी, तापमापक बसवला तर आतल्या आगीची बातमी ताबडतोब मिळते.

आता एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिस्टन ज्या ॲल्युमिनिअम-सिलिकॉन मिश्रधातूचा ओततात, तो ५७७ अंशांना वितळू लागतो. म्हणजे चढावर इंजिनातून बाहेर पडणारा धूर पिस्टनच्या वितळणबिंदूपेक्षा गरम असतो, आणि आतली ज्वाला तर त्याहून कितीतरी पट गरम. तरी पिस्टन टिकतो, कारण ज्वाला त्याला क्षणभरच चाटते. मधल्या वेळात रिंगांमधून लायनरकडे, लायनरमधून पाण्याकडे आणि खालून ऑइलकडे त्याची उष्णता निघून जाते. हा देण्याघेण्याचा हिशेब आहे. येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा सतत जास्त राहिली, की माथ्याची कड आधी मऊ होते आणि मग ओघळते.

उलट, पाणी संपून इंजिन तापले तर घडते ते वेगळेच. लायनर गार होत नाही, पिस्टन सर्व बाजूंनी फुगतो आणि त्याचे स्कर्ट लायनरला घासून ओरबाडले जातात. तेही बहुधा एका नव्हे, अनेक सिलिंडरांत. आमच्या कपाटावरचा पिस्टन नेमका याच्या उलट साक्ष देतो. पण तो कसा वाचायचा, हे १९८६ साली इगतपुरीच्या त्या गॅरेजात कोणी सांगितले नाही, आणि मोठे बाबांना ते विचारण्याचा अधिकार नव्हता.

दोन तारांचा शोध

भट्टीची उष्णता मोजण्याची धडपड जुनी आहे. इंग्लंडमधले चिनी मातीची भांडी बनवणारे जोसाया वेजवूड यांनी १७८२ मध्ये एक युक्ती मांडली. मातीच्या छोट्या वड्या भट्टीत ठेवायच्या आणि त्या किती आक्रसल्या यावरून उष्णता ठरवायची. १८२१ मध्ये बर्लिनमध्ये टोमास सीबेक यांना आढळले, की दोन वेगळ्या धातूंच्या तारा दोन्ही टोकांना जोडून एक टोक तापवले तर जवळची चुंबकसूची हलते. हे विजेमुळे घडते, हे पुढे स्पष्ट झाले. १८८६ मध्ये पॅरिसच्या आंरी ल शातेलिए यांनी एक तार प्लॅटिनमची आणि दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडिअमची घेऊन त्यापासून भरवशाचे उपकरण तयार केले. पण प्लॅटिनम महाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निकेल-क्रोमिअम आणि निकेल-ॲल्युमिनिअम अशा स्वस्त तारांची जोडी निघाली आणि उष्णतामापक कारखान्याकारखान्यांत पोचला.

या जोडीत ६०० अंशांना जेमतेम २५ मिलिव्होल्ट वीज निर्माण होते. टॉर्चच्या एका सेलच्या साठाव्या भागाएवढी. पण काटा हलवायला तेवढी पुरते. ना बॅटरी लागते, ना कसला हलता भाग. दोन तारा, एक नळी आणि एक तबकडी. याला पायरोमीटर म्हणतात.

जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर प्रत्येक सिलिंडरच्या धुराला स्वतंत्र तापमापक लावण्याची पद्धत पक्की झाली. एका सिलिंडरचा धूर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला, की इंजिन उघडण्याआधीच कळायचे, की त्याचे नोझल बिघडले आहे. अमेरिकेतल्या टर्बो बसवलेल्या जड ट्रकांवर चालकासमोर हा काटा दिसू लागला. साधारण सातशे अंशांच्या अलीकडे लाल खूण, आणि तेथे पोचण्याआधी पाय उचलायचा किंवा गिअर बदलायचा, असा त्याचा साधा नियम.

मर्सिडीज नावाचा ट्रक

आपल्या जिल्ह्यातून जाणारा मोठा रस्ता हा इंग्रजी अमदानीतला ग्रेट ईस्टर्न रोड. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली, देवरी करत तो राजनांदगाव-दुर्गमार्गे रायपूरला जातो. पुढे त्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणू लागले. २०१० च्या फेररचनेनंतर तो ५३ झाला, तरी लोकांच्या तोंडी अजून 'सहा नंबर'च आहे. युद्धानंतर विकल्या गेलेल्या लष्करी गाड्या, प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो, मद्रासकडच्या लेलँड कॉमेट, हे सारे या रस्त्याने पाहिले. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि आमच्याकडे ट्रकचे नावच 'मर्सिडीज' पडले. १९६९ मध्ये करार संपला, पुढच्या जाळीवरचा तारा जाऊन तेथे टाटांचा 'टी' आला, तरी जुने चालक मर्सिडीजच म्हणत राहिले.

ही इंजिने बिनटर्बोची होती. हवा जेवढी आपसूक आत यायची तेवढीच, म्हणून जाळण्यासारखे डिझेलही तेवढेच. कारखान्यात पंपावर डिझेलची कमाल मर्यादा बांधून तिला सील मारलेले असे. त्या मर्यादेत आणि ठरलेल्या वजनात गाडी चालली, तर धुराचे तापमान धोक्यापर्यंत सहसा जात नसे. म्हणून पायरोमीटर न बसवणाऱ्या अभियंत्यांना दोष देता येणार नाही. कागदावर त्यांचा हिशेब बरोबर होता. चुकला तो रस्त्यावर.

रस्त्यावर दोन गोष्टी घडत. पहिली म्हणजे ओव्हरलोड. दुसरी, तिच्याच पोटातून निघालेली, 'पंप वाढवणे'. जास्त माल भरला की गाडी ओढत नाही. मग मालक गाडी पंपवाल्याकडे पाठवतो, सील तुटते, स्क्रू थोडा फिरतो आणि गाडी 'उचलायला' लागते. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते आणि जे जळते त्याची उष्णता वाढते. त्यात एखादे नोझल फवारा मारण्याऐवजी ठिपकत असेल, तर त्या एका सिलिंडरच्या पिस्टनवर आगीची धारच धरली जाते. भिवंडीच्या त्या खेपेच्या तीन आठवडे आधी मोठे बाबांच्या गाडीचा पंप वाढवला होता. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. तिचा आणि पिस्टनचा संबंध मात्र कोणी जोडला नव्हता.

कारा धूर

मग पन्नास वर्षे लाखो गाड्या चालल्या कशा? चालकांनी स्वतःच पायरोमीटरचे काम केले म्हणून.

साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी केलेल्या कामामुळे आमच्या भागातल्या अनेकांना आपलीच बोली नव्याने ऐकू येऊ लागली. मीही त्यातलाच. गॅरेजात आणि ढाब्यावर ऐकलेले शब्द मी वहीत टिपू लागलो. आमच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून काळा धूर हा 'कारा धूर'. नुसता कारा नव्हे. गिअर टाकताना क्षणभर येणारा तो 'भपका'. चढावर सुटणारी पातळ रेघ चालते, पण ती जाड होऊन तुटेनाशी झाली की खालचा गिअर टाकायचा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते आहे. पांढरा धूर सकाळी ठीक, दुपारी नाही. धुराइतकेच कानही लागत. इंजिन 'कण्हू' लागले, म्हणजे फेरे उतरले असून पाय दाबलेलाच आहे.

नाकतोंडाच्या गाड्यांत अर्धे इंजिन केबिनमध्येच असे. त्याच्या झाकणावर क्लीनर बसायचा किंवा आडवा व्हायचा. क्लीनर उठून बसला की उस्तादाला कळायचे, खालून चटका लागतो आहे. रात्री घाट चढून गाडी थांबवली, बोनेट उघडले आणि मॅनिफोल्ड अंधारात मंद लाल दिसला, तर एक विडी संपेपर्यंत इंजिन चालूच ठेवायचे, असा एका म्हाताऱ्या उस्तादाचा नियम होता. लोखंड अंधारात मंद लाल दिसू लागते ते साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांना. उस्तादाला अंश ठाऊक नव्हते. लाल रंग ठाऊक होता.

भंडाऱ्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. हे पितळेच्या भांड्यांचे गाव. पितळ वितळते नऊशे अंशांच्या थोडे वर, आणि पितळेतले जस्त ९०७ अंशांना उकळू लागते. भट्टी वाजवीपेक्षा तापली की जस्त उडून पांढरा धूर निघतो आणि धातू बिघडतो. म्हणून ओतारी तापमापकाशिवाय धूर आणि रंग पाहूनच हात चालवत. धुरावरून उष्णता वाचण्याची विद्या या गावात ट्रकच्या आधीपासून आहे.

उपायही चालकाच्या हातातच होता, तो म्हणजे गिअर. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबून धरला तर इंजिनाचे फेरे कमी होतात आणि प्रत्येक फेऱ्यात तेवढ्याच हवेला जास्त डिझेल मिळते. त्यामुळे धूर काळा होतो आणि तापतो. एक गिअर खाली घेतला की फेरे वाढतात, हवा जास्त येते, दर फेऱ्याचे डिझेल कमी होते आणि तापमान पाहता पाहता शे-दीडशे अंश उतरू शकते. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तेथे गिअरबॉक्स बनतात. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरे त्या कारखान्यावर उभी राहिली. धुराचा ताप उतरवण्याचे साधन आमच्याच जिल्ह्यात बनत होते. ताप दाखवणारे साधन मात्र गाडीत नव्हते.

सरकारनेही धूर मोजला, पण त्याचा काळेपणा. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली डिझेल गाड्यांसाठी ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आली आणि पीयूसीची पावती सुरू झाली. गाडी उभी करायची, एकदम पाय दाबायचा आणि धूर प्रकाश किती अडवतो ते पाहायचे. ही चाचणी रस्त्याकडेच्या माणसाच्या फुप्फुसांसाठी होती आणि ती हवीच होती. पण भरल्या गाडीने घाटात काय होते, ते उभ्या गाडीच्या चाचणीत दिसत नाही.

टर्बो आला, काटा नाही

नव्वदच्या दशकात टर्बो रुळला. ही कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांची, १९०५ मधली. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा भरायची. तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळू लागली. पण आता सहाशे-सातशे अंशांचा वायू मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या एका नाजूक चक्रावर आदळू लागला. गाडी ताणून आणून एकदम बंद केली, तर टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल तेथेच जळून कोळसा होते. म्हणून बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे इंजिन मोकळे चालू द्या, अशी सूचना आली.

ही सूचना पाळणाऱ्या चालकाला मालक विचारी, डिझेल काय तुझ्या बापाचे आहे? मी काउंटरवर असताना टर्बो घ्यायला येणाऱ्यांचे चेहरे पाहिले आहेत. दोन माणसे येत, मालक आणि चालक. मालक पैसे मोजी आणि चालक खाली पाही. समोर काटा असता, तर 'साडेपाचशे दाखवत होता, दोनशेवर उतरेपर्यंत थांबलो' असे तो सांगू शकला असता. काटा नसल्यामुळे त्याच्याकडे सांगायला फक्त अनुभव होता, आणि अनुभवाची पावती मिळत नाही.

संवेदक आले

धुराचे तापमान मोजणे आपल्याकडे सरसकट आले ते कायद्याच्या मागून. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. डिझेलमधला गंधक दहा लाखांत १० भागांवर आणला गेला. ट्रकच्या धुराच्या वाटेवर छोटा रासायनिक कारखानाच बसला. आधी धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक, मग काजळी अडवणारी गाळणी, मग युरियाचे पाणी फवारून विषारी नायट्रोजन ऑक्साइड निकामी करणारा डबा.

या कारखान्याचा सगळा कारभार तापमानावर चालतो. धूर साधारण दोनशे अंशांच्या वर गेल्याशिवाय युरिया फवारून उपयोग नाही. गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकायची, तर तेथे साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. त्यासाठी इंजिन मुद्दाम जादा डिझेल सोडून धूर तापवते. म्हणून उत्प्रेरकाच्या आधी, गाळणीच्या आधी आणि नंतर, असे अनेक संवेदक बसले. १९८६ साली ज्या गाडीत एकही नव्हता, तिच्या नातवंडांत तीन-चार आहेत.

पण हे संवेदक बोलतात इंजिनाच्या संगणकाशी. चालकासमोर बहुतेक गाड्यांत अंश येत नाहीत, दिवा येतो. तीन वर्षांपूर्वी साकोलीजवळच्या एका ढाब्यावर एक तरुण चालक भेटला. दिवा लागला होता, गाडीची ताकद संगणकाने आपोआप उतरवली होती आणि तो फोनवर मालकाला सांगत होता, 'मी काहीच केले नाही.' चार तासांनी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. तार जोडताच पडद्यावर सगळे उमटले : कोणत्या वेळी, किती फेऱ्यांवर, कोठल्या जागी किती अंश. एक संवेदकच खराब निघाला. पोराचा दोष नव्हता. ते सिद्ध करणारी नोंद चार तास त्याच्या पायाखाली पडलेली होती. ती वाचण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती.

हे केवळ मानापमानाचे प्रकरण नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे हलके धान निघते. महामार्गाच्या कडेला, कधी रस्त्यावरच, धान आणि तणस पसरलेले असते. उभ्या गाडीत काजळी जाळायचे बटण दाबले तर वीस-तीस मिनिटे धुराची नळी प्रचंड तापते. अशी गाडी सुक्या तणसावर उभी असणे किती धोक्याचे, ते सांगायला नको. नळी किती तापली आहे, हा आकडा समोर दिसत असेल तर चालक गाडी पुढे नेऊन मोकळ्या जमिनीवर लावील. नुसता पिवळा दिवा पाहून त्याला एवढेच कळते, की काहीतरी चालले आहे.

जुन्या चालकांची विद्या आता उपयोगी नाही, असे सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. गाळणीमुळे काळा धूर दिसतच नाही, मग तो वाचणार कसा? श्वास घेणाऱ्या सगळ्यांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. पण चालकाच्या हातातले जुने साधन गेले आणि नवे त्याच्या हाती दिले नाही, हेही खरे. पूर्वी उष्णता मोजली जात नव्हती, पण चालकाला ती कळत होती. आता ती मोजली जाते, पण त्याला कळत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी हा सगळा हिशेब वहीत मांडला आणि मोठे बाबांसमोर बसलो. पिस्टन हातात घेऊन दाखवले : माथा वितळला तो पंप वाढवल्यामुळे आणि नोझल ठिपकल्यामुळे, पाणी संपले असते तर स्कर्ट ओरबाडले असते, बाकीचे पाचही खराब झाले असते. पाण्याचा काटा हिरव्यात असतानाही हे होऊ शकते. तुम्ही खरे सांगत होतात. त्यांनी पिस्टन उलटासुलटा केला, स्कर्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मले तं तवाच मालूम होता, बाबू. कागद तुले आता भेटला."

ते मालक आता नाहीत, त्यांच्याविषयी तक्रारही उरलेली नाही. मोठे बाबांनी पुढे दुसऱ्या गाडीवर अठरा वर्षे काम केले आणि पुन्हा इंजिन बसू दिले नाही.

माझे म्हणणे थोडके आहे. ट्रक वजनकाट्यावर चढतो तेव्हा वजनाची पावती निघते आणि ती चालकाच्या हातात पडते. पुढे नाक्यावर अडवले, मालकाने विचारले, तर तो ती दाखवू शकतो. गाडीच्या धुराचा ताप आता क्षणोक्षणी मोजला जातो आणि नोंदलाही जातो. त्या नोंदीतला आकडा चालकाला पाटीवर दिसावा आणि इंजिन बिघडले तर नोंदीची एक प्रत त्याला मागता यावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. दोन तारा आधीच बसवलेल्या आहेत. काटा कोणाकडे तोंड करून लावायचा, एवढेच ठरवायचे आहे.